मागची गल्ली

२ फेब्रुवारी

फवारेबाईंनी आज आम्हाला एकेक वही दिली आणि म्हणाल्या, "रोज मनातलं लिहीत जा. मी वाचणार नाही." वाचणार नाही तर लिहायचं कशाला? हजेरी मांडायची आणि नावं पुकारायचीच नाहीत, असला हा प्रकार. तरी लिहितो. हुकूम तो हुकूम.

बाईंचं नाव वेगळं आहे, पण त्या दार उघडतानाच हातातल्या डब्यातून सुगंधी फवारा मारतात. खाली जुन्या सतरंजीचा कुबट वास आणि वर गुलाब. उकिरड्यावर अत्तर शिंपडावं तसं. मी अर्धा वेळ रुमाल नाकाला लावून बसलो. बाई समोर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, काही आठवतंय का?" मी हिचा काका कधी झालो? आठवतंय म्हटलं तर एवढंच, की सतरंजी उन्हात घालायला पाहिजे.

हे केंद्र फौजेतून परत आलेल्यांसाठी आहे. त्यांचं मन म्हणे घरी परतत नाही. भिंतीवर चित्र लावलंय, दोन तळहातांत उगवता सूर्य. चटका कसा बसत नाही देव जाणे. आम्हा चार-पाच जुन्या लोकांना 'साथी' म्हणून निवडलंय. आपापल्या जुन्या माणसांना दर आठवड्याला फोन करायचा आणि खुशाली विचारायची. मी हो म्हटलं ते बायकोच्या कटकटीमुळे. ती म्हणाली, "घरात बसून भिंती घासण्यापेक्षा ते बरं." भिंती घाणेरड्या आहेत म्हणून मी घासतो. तिला दिसत नाही, त्याला मी काय करणार?

५ फेब्रुवारी

आज फोन केले. बाईंनी विचारायचे प्रश्न लिहून दिलेत: झोप कशी आहे, जेवण जातं का, चिडचिड होते का, आणि शेवटी, जगणं नकोसं वाटतं का. असं माझ्या माणसाला मी विचारलं तर तो फोनवरच फिदीफिदी हसेल. पलटणीत मी यांना उभं राहायला शिकवलं, म्हणून तर अजून उस्ताद म्हणतात. उस्तादानं विचारायचं, "बाळा, झोप लागते का रे?" थू!

मी एकच प्रश्न विचारला, रोज सकाळी विचारायचो तोच. "सगळं ठीक?"

पलीकडून खणखणीत आवाज यायचा, "ठीक, उस्ताद!" सगळ्यांचा. ऐकून बरं वाटलं. फवारेबाईंना वाटतं सगळे आतून सडलेत. सडलंय ते यांचं केंद्र.

कासवाचाही फोन लागला. कासव म्हणजे आमच्या तुकडीचा ड्रायव्हर. गाडी इतकी सावकाश चालवायचा की मागचे शिव्यांची लाखोली वाहायचे. पण त्याच्या गाडीतला माणूस कधी जखमी होऊन उतरला नाही. आता बहिणीकडे राहतो, बाजाराच्या पलीकडे. पावाच्या कारखान्याची गाडी चालवत होता, ती नोकरी सुटली म्हणे. "का?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "असंच, उस्ताद." सगळं ठीक? "ठीक, उस्ताद."

९ फेब्रुवारी

केंद्राला मोठे लोक भेट द्यायला आले. माईक, गुच्छ, फोटो. एकाच्या अंगाला इतकं अत्तर की फवारेबाईंचा डबा लाजावा. तो आमच्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून आम्ही शांत झोपलो." बोलता बोलता तोंडात काहीतरी चावत होता आणि ओठाच्या कडेला तेल चमकत होतं. मला ते बघवेना. उठून बाहेर गेलो.

अशा लोकांची शिसारी येते. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि संध्याकाळी शेळी मेली तर गुच्छ पाठवायचा.

बाहेर नळावर हात धुतले. साबण नव्हता. मग घरी येऊन पुन्हा धुतले.

१३ फेब्रुवारी

आज केंद्राच्या गाडीतून सामान आणायला गेलो. गाडी म्हणजे चालता उकिरडा. सीटवर चहाचे डाग, पायाशी सालं, आरशावर धुळीचा थर. चालवणाऱ्याला विचारलं, ही काल कुणाकडे होती? म्हणे, "असेल कुणाकडे तरी."

आमच्यात असं केलं असतं तर मी त्याला मैदानाभोवती पळवलं असतं. ड्रायव्हरनं गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची एक रीत होती. सुट्टीवर जाणार असेल तर पुसायचं फडकं घडी घालून सीटवर ठेवायचं, म्हणजे मी परत येतोय. कायमचा सोडून जाणार असेल तर गाडी आतून-बाहेरून धुवायची, टाकी भरायची, नव्या माणसाला गाडीच्या खोडी सांगायच्या आणि फडकं स्टेअरिंगला बांधायचं, घट्ट गाठ मारून. ती गाठ नव्या ड्रायव्हरनंच सोडायची. सोडली की ताबा घेतला. कुणी शिकवलं नव्हतं, कोणत्या पुस्तकातही नव्हतं. पण कासवासारखी गाठ कुणाची नसायची. दातांनी सोडावी लागे.

हे इथे कुणाला सांगायचं? गाढवापुढे वाचली गीता.

१९ फेब्रुवारी

ही आज पुन्हा तिच्या बहिणीकडे जेवून आली. आठवड्यात कितीदा जाते, विचारायची सोय नाही. घरात तळण बंद केलंय, मटण तर कधीच बंद झालं. मी काही बंद करा म्हटलं नव्हतं. फक्त पातेलं बाहेर नेऊन ठेवलं होतं, झाकणासकट. वास भिंतीत मुरतो.

म्हणाली, "तुम्ही समोर बसलात की माझा घास तोंडात फिरतो. तोंडाकडे बघत बसता माझ्या, जसं काही मी घाण खातेय."

बाईमाणसाचं मन हळवं. मी फक्त बघत होतो.

बाजारात जायचं तर हल्ली मी मागच्या गल्लीनं जातो. सरळ रस्त्यावर तो खाटिक बसलाय. दुकानापुढे शेगडी पेटवून बकऱ्याचे पाय भाजत बसतो. जळक्या केसांचा, कातड्याचा वास पार कोपऱ्यापर्यंत येतो. भर रस्त्यात! नगरपालिकेकडे तक्रार करणार आहे. मागची गल्ली लांबची आहे, गटार उघडं आहे, मांजरं मरून पडलेली असतात. पण तो वास नाही. हिला भाजी आणून दिली तर म्हणते, "एवढ्याशा कोथिंबिरीला गावाला वळसा?" स्वच्छता तिला कधीच कळली नाही.

२४ फेब्रुवारी

आज कासवाशी जरा जास्त बोललो. म्हणजे तो बोलला. नाहीतर त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी.

म्हणाला, "उस्ताद, बहिणीला गाडी शिकवतोय."

"तुझी ती डबडी?"

"हो. शिकली तर बरं. तिला कुणावर अवलंबून राहायला नको."

शाब्बास म्हटलं. माणसानं असं कामाला लागावं. त्या केंद्रात गोल करून रडत बसण्यापेक्षा हे लाख पटीनं चांगलं. सगळं ठीक? म्हणाला, "आता ठीक होईल, उस्ताद."

फवारेबाईंनी विचारलं, "कासवकाका काय म्हणतात? झोपेचं विचारलंत?" मी म्हटलं, झोपेचं काय घेऊन बसलात, माणूस सुधारलाय. त्यांनी डबा उचलला, पण माझ्याकडे बघून परत खाली ठेवला.

२ मार्च

कासवाची बहीण बाजारात भेटली. मागच्या गल्लीच्या तोंडाशी. आनंदानं तिचा चेहरा फुलला होता. "दादा, तुम्ही काय जादू केलीत हो त्याच्यावर? महिनाभर खोलीतून बाहेर येत नव्हता. दाढी नाही, आंघोळ नाही, खोलीत इतका वास की मी दार लावून घ्यायचे. आता बघा, सगळं घर आवरलंय. कपडे धुऊन, इस्त्री करून ठेवलेत. जे नकोत ते वाटून टाकले. गॅसची टाकी कशी बदलायची, पंप कसा चालू करायचा, फ्यूज कुठला, सगळं मला दाखवलं. परवा मी एकटीनं गाडी चालवली, तर डोळ्यांत पाणी आलं त्याच्या!"

मी म्हटलं, "कासव आहे ताई, उशिरा पण नीट."

खरंच समाधान वाटलं. या शहरात इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी स्वच्छ केलं. ज्याची सामानाची पेटी नीट, तो माणूस नीट. पलटणीत आम्ही पेटीवरूनच माणूस ओळखायचो.

घरी येऊन हिला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "कपडे वाटून टाकले? का?"

नको असतील म्हणून.

"आणि स्वतः काय घालणार?"

बायकांना दुसऱ्याच्या चांगल्यात खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही. मी तसं म्हटलं. ती हात पुसत म्हणाली, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दुसऱ्यांची खुशाली विचारत फिरताय. स्वतः दारापाशी सतरंजी टाकून झोपता, तुम्हाला कोण विचारणार?" दारापाशी वारा येतो. हे तिला किती वेळा सांगू?

४ मार्च

काही नाही. हाताची कातडी फुटलीय. हिनं मलम आणून ठेवलं. मलमाला तेलाचा वास येतो. लावलं नाही.

७ मार्च

अक्षर लागलं नाही तरी चालेल.

सकाळी कासवाच्या बहिणीचा फोन आला. हसतच बोलत होती. "दादा, तुमच्या फौजेत हे कसलं खूळ? मला कामावर जायचंय, गाडी काढते तर स्टेअरिंगला फडकं बांधून ठेवलंय. गाठ काही केल्या सुटत नाही. गाडी मात्र आरशासारखी धुतलीय, टाकीसुद्धा भरलेली. कापू का फडकं?"

मी विचारलं, तो कुठाय?

"फिरायला गेलाय. कालव्याच्या पुलाकडे जाऊन येतो म्हणाला. फोन घरीच विसरला वेंधळा."

कापू नकोस, हातसुद्धा लावू नकोस, एवढं ओरडलो आणि निघालो. चपला घातल्या की नाही आठवत नाही. ही मागून ओरडत होती. तिला म्हटलं, फवारेबाईंना फोन कर, पुलावर माणूस पाठवा म्हणावं.

कालव्याच्या पुलाकडे जायचं तर सरळ रस्ता खाटकाच्या दुकानावरून जातो. मी धावत कोपऱ्यापर्यंत गेलो. शेगडी पेटलेली होती. वास आला.

आणि माझे पाय थांबले. खरंच थांबले. मी हुकूम दिला, चल. शिव्या दिल्या. एवढ्या माणसांना गोळ्यांच्या समोर चालवलं आणि मला एका शेगडीसमोरून जाता येईना. रुमाल नाकावर दाबून तिथेच उभा राहिलो. तो खाटिक माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं वाटत नाही का, साहेब? पाणी देऊ?" चांगला माणूस दिसला. मी तोंड फिरवून मागच्या गल्लीत शिरलो. तिकडे माणूस मरतोय आणि मी वळसा घालतोय. मला माझीच इतकी किळस कधी आली नव्हती.

गल्लीच्या मध्यावर, उघड्या गटाराशेजारी एका बंद दाराची पायरी आहे. तिथे कासव बसला होता. इस्त्रीचा सदरा, गुळगुळीत दाढी. मी ओरडलो, "कासव!" तोच मैदानावरचा आवाज निघाला. तो ताडकन उभा राहिला, टाचा जुळल्या.

"ठीक, उस्ताद."

मी काही विचारलंच नव्हतं!

मग मला ओकारी आली. सगळी गटारात. गुडघ्यावर बसलो तर त्यानं मागून येऊन माझं कपाळ धरलं, आजारी पोराचं धरावं तसं. त्याचा हात गार होता. मी म्हणत होतो, घाण आहे, लांब हो. तो म्हणाला, "असू दे."

पायरीवर दोघं बसलो. मला बाईंचा एकही प्रश्न आठवेना. शेवटी तोच म्हणाला, "गाठ सोडली का तिनं?"

"नाही. सुटत नाही म्हणाली."

"तिला दाखवायची राहिली."

"मग ताबा दिला कुठे तू?" मी म्हटलं. "गाठ समोरच्यानं सोडली तर ताबा. नाही सोडली तोवर गाडी तुझी. ही रीत आहे का नाही?"

तो गटाराकडे बघत राहिला. "आहे."

"तर चल. जबाबदारी अर्धी टाकून जाणारा ड्रायव्हर माझ्या तुकडीत नव्हता." हे बोललो आणि वाटलं, पुन्हा उस्तादच बोलला. म्हणून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "चल ना रे." एवढंच आलं.

तो रडला. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, नाक वाहत होतं. महिन्यापूर्वी मला ते बघून शिसारी आली असती. आज मी माझा रुमाल दिला. तोही धड स्वच्छ नव्हता.

त्याच्या चालीनं त्याच्या बहिणीच्या घरी गेलो, म्हणजे वेळ लागला. फवारेबाई दारात उभ्या होत्या. फवारा न मारता आल्या होत्या. कासवाच्या शेजारी बसल्या आणि सरळ विचारलं, "आज मरायला निघाला होतात का?" मला वाटलं आता हा उठून जाईल. तो म्हणाला, "हो, बाई." असं साधं. कुणी वेळ विचारावी तसं.

जो प्रश्न मी विचारायला लाजलो, त्याचं उत्तर इतकं तयार होतं.

८ मार्च

कासवाला दवाखान्यात ठेवलंय. बहीण सोबत आहे. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडायला वेळ लागेल, पण पडेल. गाडी तशीच उभी आहे, फडक्यासकट. बहीण बसनं जाते, गाठीला हात लावत नाही.

एक कळलं नाही. कालव्याकडे निघालेला माणूस त्या गल्लीत कशाला शिरला? सरळ रस्ता निम्म्यात जातो. विचारायचं धाडस झालं नाही.

११ मार्च

फवारेबाईंकडे गेलो. वाटलं होतं, शाबासकी देतील किंवा हाकलतील. दोन्ही नाही. म्हणाल्या, "तुम्ही 'सगळं ठीक?' विचारत होतात, हो ना?"

हो.

"पलटणीत त्याला 'नाही' म्हणायची मुभा होती?"

मी बराच वेळ त्या सूर्याच्या चित्राकडे बघत बसलो. 'नाही' म्हणालेला एकही माणूस आठवेना. ते तेव्हाही सगळे ठीक असतील, असं कसं शक्य आहे? मी ते हुकूम म्हणून विचारत होतो आणि ते हुकूम म्हणून पाळत होते. आणि मी खूश! पेटी नीट, माणूस नीट. शी.

बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला कोण फोन करतं?"

मी म्हटलं, मला कशाला? मी साथी आहे.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात खिशात घातले.

२० मार्च

सगळ्यांना पुन्हा फोन केले, बाईंचे प्रश्न समोर ठेवून. वाचताना जीभ अडखळली. काही जण हसले. आमचा जुना स्वयंपाकी हसला नाही. म्हणाला, "उस्ताद, फोन ठेवू नका हं." ठेवला नाही.

ही आज घरीच जेवली, स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून. मी बाहेर बसलो. मध्ये दार उघडं होतं. सध्या एवढंच.

२६ मार्च

कासव घरी आला. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, औषधांनी. बोलणं आणखी सावकाश झालंय. बहीण म्हणते, पहिल्या दिवशी तो गाडीपाशी गेला, गाठीकडे बघत उभा राहिला, मग तिला हाक मारली आणि तिच्याकडून फडकं ओलं करून घेतलं. दोघांनी मिळून गाठ सोडली. फडकं घडी घालून सीटवर ठेवलं.

मी तिला विचारलं, सीटवर? नक्की सीटवर? तिला वाटलं असेल, म्हातारा बहिरा झाला.

२ एप्रिल

आज फोन वाजला. कासव. यादीत आज मीच त्याला करायचा होता.

"उस्ताद, बाई म्हणाल्या मी तुम्हाला करत जावा."

बाईंचा आगाऊपणा! मी म्हटलं, बोल.

"सगळं..." म्हणाला आणि थांबला. मग बहुतेक कागद बघून वाचू लागला. "झोप कशी आहे?"

ठीक.

"जेवण जातं का?"

ठीक आहे रे, सगळं ठीक आहे, म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. स्वयंपाकघरात हिचा आवाज बंद झाला होता. ती ऐकत होती.

मी म्हटलं, "कासवा, मला त्या खाटकाच्या दुकानावरून जाता येत नाही. त्या दिवशीसुद्धा नाही आलं. तू पुलावर असशील असं वाटत होतं, तरी मी वळसा घातला."

 मला वाटलं, ठेवला त्यानं फोन. ठेवायलाच पाहिजे होता. माझी लायकी तीच.

मग तो आपल्या सावकाश पद्धतीनं म्हणाला, "उस्ताद, मग तुम्हाला काय वाटलं, मी त्या गल्लीत काय करत होतो?"